हॉस्पिटलचं बिल पहिल्या तासातच ठरतं, तेव्हा काय विचारायचं (खान्देशातल्या घरांसाठी)

आपल्याकडे जळगाव धुळे नंदुरबार कुठंही बघा, घरात कोणाला ॲडमिट करायची वेळ आली की आधी पैशाची धावपळ सुरू होते. कोणी केळीच्या व्यापाऱ्याकडून उचल घेतं, कोणी कापूस खेडा खरेदीवाल्याला पडत्या भावात देऊन टाकतं, कोणाच्या घरात बाईची पोत गहाण पडते, आणि ते पैसे खिशात घेऊन माणूस काउंटरवर उभा राहतो आणि म्हणतो आते भरी देऊ, मंग दखसूत. हे आधी भरणं आणि मग बघणं फार महाग पडतं. एकदा तुमची नोंद रोखीचा पेशंट म्हणून झाली आणि ऑपरेशन होऊन गेलं की नंतर रेशन कार्ड दाखवून काही उपयोग होत नाही, कारण महात्मा फुले जन आरोग्य ही सरकारी योजना कॅशलेस आहे. आधी स्वतः भरायचे आणि नंतर बिलं जोडून सरकारकडून परत घ्यायचे असा प्रकार त्यात नाहीच.

म्हणून पैसे कुठून आणायचे याच्याही आधी एक प्रश्न विचारायचा, तो म्हणजे या पेशंटचे पैसे हॉस्पिटलला कोण देणार आणि कोणत्या हिशोबानं देणार. डिस्चार्जच्या दिवशी नाही, ॲडमिट करताना. पुढचं सगळं याच एका प्रश्नाभोवती आहे.

घरात सगळे धडधाकट असताना करायची कामं

पहिलं रेशन कार्ड काढून बघा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना, म्हणजे जिला आपल्याकडे बरेच लोक अजून जीवनदायीच म्हणतात, ती 2 जुलै 2012 ला पहिल्यांदा ज्या 8 जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपलं धुळे होतं. जळगाव नंदुरबारला ती 2013 मध्ये आली. पण तेव्हा फक्त पिवळं आणि केशरी कार्ड चालायचं. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांना सवलत होती ती विदर्भ मराठवाड्यातल्या 14 जिल्ह्यांपुरती, त्यामुळे मलकापूरच्या शेतकऱ्याला योजना मिळायची आणि तिथून जवळच्याच मुक्ताईनगरच्या पांढऱ्या कार्डवाल्याला नाही. आपल्या भागातल्या कित्येक लोकांच्या डोक्यात तेच पक्कं बसलंय की आपलं कार्ड पांढरं, आपल्याला काही नाही. हे आता काढून टाका. 1 जुलै 2024 पासून पांढऱ्या कार्डासकट सगळी रेशन कार्डं चालतात, आणि कव्हर दीड लाखाचं वाढून कुटुंबाला वर्षाला 5 लाख झालंय. हे 5 लाख माणशी नाहीत, अख्ख्या घराचे मिळून आहेत, एकाच माणसाला लागले तरी चालतात.

आता कार्डावरची नावं वाचा, खरोखर एकेक नाव बोट ठेवून वाचा. लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव अजून माहेरच्या कार्डावर, नातवाचं नाव घातलेलंच नाही, आजोबांचं नाव आधारवर वेगळं आणि कार्डावर वेगळं, हे आपल्याकडे घरोघरी असतं आणि नेमकं ॲडमिट केल्यावर रात्री अकराला कळतं. तहसीलच्या पुरवठा शाखेत किंवा सेतू केंद्रावर हे काम पेरण्या नसताना, निवांतपणी करून टाका. बाळ अगदी लहान असेल आणि नाव चढलं नसेल तर जन्माचा दाखला आणि आईबापाचं कार्ड घेऊन आरोग्यमित्राला, म्हणजे हॉस्पिटलात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला भेटा, मार्ग निघतो.

दुसरं आयुष्मान कार्ड. केंद्राची आयुष्मान भारत योजना 23 सप्टेंबर 2018 ला सुरू झाली आणि 2020 पासून ती राज्याच्या योजनेला जोडून चालते. हे कार्ड सेवा केंद्रावर निघतं, आशाताईंना विचारलं तर त्या सांगतात कुठं कॅम्प आहे ते, मोबाईलवर आयुष्मान ॲपमधूनही निघतं, फक्त आधारला चालू मोबाईल नंबर जोडलेला पाहिजे. आणि घरात कोणी 70 च्या वरचं असेल तर त्यांचं वय वंदना कार्ड वेगळं काढा, ते 29 ऑक्टोबर 2024 पासून आहे. त्यात उत्पन्न, जमीन, कार्डाचा रंग काहीच बघत नाहीत, आधारवरचं वय बघतात. रिटायर्ड मास्तर असोत की बागायतदार, सगळ्यांना मिळतं. मला तर वाटतं या गोष्टीचा गावात सगळ्यात कमी बोलबाला झालाय.

तिसरं, आपल्या जवळची कोणती हॉस्पिटलं योजनेत आहेत ते विचारून ठेवा. त्यासाठी 155388 किंवा 1800 233 2200 हे फुकट नंबर आहेत. इथं एक बारीक गोष्ट आहे जी बहुतेकांना माहीत नसते. हॉस्पिटल योजनेत आहे एवढं पुरत नाही, ते कोणत्या विभागासाठी आहे ते बघावं लागतं. एखादं हॉस्पिटल हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असतं पण हृदयासाठी नसतं, मग बोर्ड वाचून तुम्ही छातीत दुखणारा पेशंट तिथं नेता आणि ते म्हणतात हे योजनेत बसत नाही. ते खोटं बोलत नसतात, प्रश्न आपण अर्धा विचारलेला असतो. म्हणून फोन केला की आजाराचं नाव सांगून विचारा.

इमर्जन्सी असेल तर कागद मागे, पेशंट पुढे

साप चावला, ॲक्सिडेंट झाला, ॲटॅक आला, अंगावर वीज पडली, अशा वेळी कार्ड शोधत बसू नका. 108 लावा, फुकट आहे. सर्पदंशाला सरकारी दवाखाना गाठा, सापाच्या विषावरची लस तिथं फुकट मिळते. धडगाव अक्कलकुव्याकडून निघालात तरी ग्रामीण रुग्णालयात पहिला डोस घेऊन मग नंदुरबारला हलवणं हे आधी भगताकडे जाऊन मग पळण्यापेक्षा कधीही बरं, तिथं गेलेला एक तास परत मिळत नाही.

खासगीत नेलं आणि आधी डिपॉझिट भरा मग हात लावतो असं कोणी म्हणालं तर शांतपणे सांगा की जीव वाचवायचे पहिले उपचार देणं प्रत्येक डॉक्टरवर बंधनकारक आहे, सुप्रीम कोर्टानं 1989 ला परमानंद कटारा केसमध्ये हे स्पष्ट सांगितलंय. भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही, डॉक्टर तेव्हा तुमच्याच माणसासाठी धावत असतो. योजनेतल्या हॉस्पिटलात इमर्जन्सीला फोनवरून मान्यता घ्यायची सोय आहे, त्याला ते ईटीआय म्हणतात. आरोग्यमित्राला एवढंच म्हणा की ईटीआय टाका, कार्ड घरून येतंय, आणि कार्ड कधीपर्यंत आणून द्यायचं ते विचारून घ्या. मग गावाकडे फोन करून कोणालातरी कार्ड घेऊन गाडीवर बसवा.

रस्त्यावरच्या ॲक्सिडेंटला 2025 पासून केंद्राची वेगळी कॅशलेस योजना आहे, पहिले 7 दिवस दीड लाखापर्यंत, पेशंट कोणत्या राज्याचा आहे, कार्ड कोणतं आहे याच्याशी संबंध नाही. पोलिसांत नोंद मात्र लगेच करा, सगळं तिच्यावर अडतं.

काउंटरवर नेमकं काय बोलायचं

योजनेतल्या प्रत्येक हॉस्पिटलात आरोग्यमित्राचं टेबल असतं. बऱ्याचदा ते दारासमोर नसतं, आत कुठंतरी जिन्याखाली असतं. आधी ते शोधा. डिपॉझिटच्या काउंटरवर तुम्हाला बोलावलं तर असं म्हणा, की भाऊ, आमच्याकडे रेशन कार्ड आणि आधार आहे, हे योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राकडून बघून येतो, मग डिपॉझिटचं बोलू. एवढं एक वाक्य. ते म्हणतानाही लोक घाबरतात, कारण वाटतं की योजना म्हटलं की नीट बघणार नाहीत. ती भीती समजू शकतो मी, पण योजनेत मिळतात ते पैसे हॉस्पिटललाच मिळतात, ते काही धर्म करत नसतात.

मग आरोग्यमित्र तुमची नोंदणी करतो, डॉक्टर आजार आणि उपचार लिहितात, रिपोर्ट वर पाठवतात आणि वरून मान्यता येते, हिला प्रीऑथ म्हणतात. ठरवून करायचं ऑपरेशन असेल तर ही मान्यता ऑपरेशनच्या आधी आलेली पाहिजे. नोंदणीचा नंबर मागून घ्या आणि मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा, नंतर कुठंही तक्रार करायची झाली तर तो नंबर लागतो, त्याच्याशिवाय पलीकडचा माणूस काही शोधूच शकत नाही.

उत्तरं तीनचार प्रकारची येतात. कोणी म्हणतं योजना सध्या बंद आहे, तर तिथंच उभं राहून 155388 लावा आणि हॉस्पिटलचं नाव सांगून विचारा, खरं असेल तर कळेल आणि दुसरं जवळचं हॉस्पिटलही तेच सांगतील. कोणी म्हणतं योजनेतला बेड नाही, जनरल वॉर्ड फुल आहे, हे खरंही असू शकतं, मग विचारा कधी होईल आणि थांबण्यासारखा आजार आहे का, ते डॉक्टरला विचारा, काउंटरवाल्याला नाही. कोणी म्हणतं हे ऑपरेशन योजनेत फक्त सरकारी हॉस्पिटलात होतं, तर हे बऱ्याचदा खरं असतं, काही ऑपरेशनं सरकारी दवाखान्यांसाठीच राखून ठेवलेली आहेत, मग जळगावच्या किंवा नंदुरबारच्या मेडिकल कॉलेजला किंवा धुळ्यात चक्करबर्डीला भाऊसाहेब हिरे कॉलेजला चौकशी करा.

आणि चौथं उत्तर जरा अवघड. योजना आहे पण वरून थोडे द्यावे लागतील, चांगल्या कंपनीचा रॉड टाकायचा असेल तर, औषधं बाहेरून आणावी लागतील. योजनेच्या पॅकेजमध्ये बेड, नर्सिंग, डॉक्टर, ऑपरेशन, भूल, तपासण्या, औषधं, आत बसवायचं सामान, रक्त, पेशंटचं जेवण आणि घरी जायचं एसटीचं किंवा सेकंड क्लास रेल्वेचं भाडं सुद्धा आहे. डिस्चार्जनंतर सुरुवातीच्या दिवसांतली औषधं आणि तपासणीही त्यातच, नेमकी किती दिवस ते आरोग्यमित्राला विचारून घ्या. वरून पैसे मागायची परवानगी नाही. तरी मागितले तर पावती मागा, नुसती पावती मागितली तरी कितीदा तो विषय तिथंच मिटतो. चिठ्ठीवर औषधं बाहेरून आणायला लावली तर चिठ्ठी फेकू नका, मेडिकलच्या बिलासकट जपून ठेवा, तक्रारीला तोच पुरावा.

पॅकेज आणि मीटर, हे दोन हिशोब समजून घ्या

हे थोडं समजून घेतलं तर पुढं कशावर नजर ठेवायची ते आपोआप कळतं, म्हणून जरा थांबतो इथं.

हॉस्पिटलला पैसे मिळायचे मुख्य दोन रस्ते. एक, जेवढं केलं तेवढं बिल. रोजचा बेड वेगळा, डॉक्टरची प्रत्येक व्हिजिट वेगळी, प्रत्येक तपासणी वेगळी, हातमोजेसुद्धा वेगळे. याचं मीटर रिक्षासारखं चालू राहतं. दोन, पॅकेज. अमुक ऑपरेशनचे एवढे, मग पेशंट तीन दिवस राहो की सात, तेवढेच मिळणार.

अमेरिकेत 65 च्या पुढच्या लोकांसाठी जी मोठी सरकारी योजना आहे, मेडिकेअर, तिनं 1983 ला पहिला रस्ता सोडून दुसरा धरला, आजाराच्या गटाप्रमाणे ठरलेली रक्कम द्यायला लागली. त्याची मूळ कल्पना येल विद्यापीठातल्या रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी मांडलेली. झालं काय, तर पेशंटचे हॉस्पिटलातले दिवस कमी झाले. डॉक्टर तेच, आजार तेच, पैसे द्यायची पद्धत बदलली तर उपचाराची पद्धतही बदलली. संशोधक तेव्हापासून हाच प्रश्न घासून बघतायत की दिवस कमी झाले ते चांगल्यासाठी की पेशंटला लवकर घरी काढून दिलं. आपल्या योजनेची पॅकेजं याच जातीची आहेत.

यातून आपल्यासाठी कामाचं काय निघतं ते बघा. तुम्ही मीटरवर असाल तर ओढ जास्तीकडे असते, एखादी तपासणी जास्त, एखादा दिवस जास्त, त्यामुळे तुमचा प्रश्न असायला पाहिजे की ही तपासणी कशासाठी, हिच्यामुळे उपचारात काय बदलणार. पॅकेजवर असाल तर ओढ कमीकडे असते, लवकर डिस्चार्ज, स्वस्तातलं सामान, त्यामुळे तुमचा प्रश्न उलटा, की आज घरी न्यायला पेशंट खरंच तयार आहे का, टाके कधी काढायचे, ताप आला तर रात्री कोणाला फोन करायचा. सगळेच डॉक्टर असं करतात असं अजिबात म्हणणं नाही, आपल्या भागात जीव तोडून काम करणारे डॉक्टर मी बघितलेत, पण पैसा ज्या बाजूला ओढतो ती बाजू माहीत असलेली बरी.

डामा हा शब्द कानावर पडला तर सावध व्हा. डॉक्टरचं न ऐकता स्वतःच्या जबाबदारीवर पेशंट नेला असा तो कागद असतो. घाईत, कंटाळून, कोणीतरी नातेवाईक म्हणतो म्हणून त्यावर सही करू नका, योजनेचा आणि विम्याचा दोन्हीचा घोटाळा होतो. दुसरीकडे न्यायचंच असेल तर रेफर केल्याचा कागद मागा.

योजनेत बसत नसेल तर

सरकारी दवाखाना हा पहिला पर्याय आहे, शेवटचा नाही. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशभरात एका वेळच्या ॲडमिशनचा सरासरी उपचाराचा खर्च सरकारीत 4,452 रुपये आणि खासगीत 31,845 रुपये निघाला होता, आणि हे आकडे जुने आहेत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक केंद्र, ग्रामीण रुग्णालय, चोपडा जामनेर शिरपूर दोंडाईचा नवापूरसारखी उपजिल्हा रुग्णालयं, इथं केसपेपरसकट सगळं फुकट आहे. मेडिकल कॉलेजचं खातं वेगळं, तिथं थोडीफार फी लागू शकते. बाळंतपण, सिझेरियन असलं तरी, सरकारीत फुकट, न्यायची आणायची गाडीसुद्धा 102 वर. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेलची घरं आहेत, त्यांनी लक्षात ठेवा की सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलियाच्या पेशंटला रक्त फुकट मिळतं आणि बदल्यात डोनर आणा असं म्हणता येत नाही.

दुसरा पर्याय धर्मादाय हॉस्पिटल. ट्रस्टची जी मोठी हॉस्पिटलं आहेत त्यांना 10 टक्के बेड निर्धन पेशंटसाठी फुकट आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावे लागतात. मुंबई हायकोर्टानं 2006 ला ही योजना घालून दिली. वर्षाचं उत्पन्न 1,80,000 पर्यंत असेल तर निर्धन, 3,60,000 पर्यंत असेल तर दुर्बल. इथंही तेच, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आधी काढून ठेवलेला पाहिजे आणि ॲडमिट करतानाच तिथल्या समाजसेवकाला भेटायला पाहिजे. आपले पेशंट नाशिक, संभाजीनगर, मुंबईला जातात तेव्हा हे फार उपयोगी पडतं.

तिसरा, मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा वैद्यकीय कक्ष. अर्ज उपचार चालू असतानाच करायचा, पैसे हॉस्पिटलच्या खात्यात जातात, तुमच्या नाही, आणि आजार दुसऱ्या सरकारी योजनेत बसत असेल तर इथं मिळत नाही. डॉक्टरच्या सहीचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं, ते पहिल्याच दिवशी मागून ठेवा.

नवापूर, नंदुरबारकडची माणसं सुरतला जातात, गाडीचा रस्ता सोपा पडतो. तिथं महाराष्ट्राची योजना चालेलच असं धरू नका. केंद्राच्या यादीतलं आयुष्मान कार्ड असेल तर दुसऱ्या राज्यात चालतं, नुसत्या रेशन कार्डावरची राज्याची योजना तिकडे चालत नाही. निघायच्या आधी 14555 ला फोन करून आपलं कार्ड कोणत्या प्रकारचं आहे ते विचारा, ताप्ती लाईनच्या गाडीत बसल्यावर नाही.

स्वतःचा मेडिक्लेम असेल तर पॉलिसीत रूम भाड्याची मर्यादा काय आहे ते आधी बघा. समजा मर्यादा रोजची 3,000 आणि तुम्ही घेतली 6,000 ची रूम, तर बऱ्याच पॉलिसींत फक्त भाड्यातले नाही, डॉक्टरची फी, ऑपरेशनचा चार्ज असं बरंच त्याच प्रमाणात अर्धं कापतात. एसी रूमचा मोह इथं महागात जातो. आयआरडीएआय, म्हणजे विमा कंपन्यांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या 2024 च्या नियमाप्रमाणे कॅशलेसच्या अर्जावर 1 तासात आणि डिस्चार्जच्या वेळी 3 तासात कंपनीनं उत्तर द्यायचं असतं, 3 तासांच्या वर गेलं आणि त्यामुळे हॉस्पिटलचा चार्ज वाढला तर तो कंपनीनं सोसायचा. टीपीएच्या, म्हणजे विमा कंपनीच्या वतीनं क्लेम बघणाऱ्यांच्या टेबलावर हे बोलून दाखवा, बोललं की फाईल हलते.

रोखीनंच भरायचं ठरलं तर

अंदाजे खर्च लिहून घ्या, लेटरहेडवर. तोंडी ऐंशी हजार म्हणतात आणि बिल दीड लाखाचं होतं तेव्हा आपल्या हातात काही नसतं. लिहून घेताना विचारा यात औषधं आहेत का, भूलतज्ञ आहे का, आत बसवायचं सामान आहे का, आयसीयू लागलं तर दिवसाचे किती. 2021 च्या महाराष्ट्र नर्सिंग होमच्या नियमांप्रमाणे मुख्य सेवांचा दरफलक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावलेली पाहिजे. त्याचा फोटो काढा.

औषधं हॉस्पिटलच्याच मेडिकलमधून घ्यायची सक्ती नाही. रोज संध्याकाळी अंतरिम बिल मागा आणि वहीत लिहून ठेवा, कोणते डॉक्टर किती वाजता आले, कोणती औषधं वॉर्डात दिली, कोणती उरली. उरलेली परत करून त्याचं क्रेडिट घ्या. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळीची नळी) बसवला असेल तर त्याचं स्टिकर बिलाला लावून मागा, 2017 पासून स्टेंटची किंमत सरकारनं बांधून दिलीय, गुडघ्याच्या सांध्याचीही. पैसे यूपीआयनं किंवा चेकनं भरा. 2 लाख आणि त्यावरची रोख हॉस्पिटलला कायद्यानं घेताच येत नाही, आणि यूपीआयवर हॉस्पिटलला 5 लाखापर्यंत भरता येतात. खात्यातली नोंद राहते, तीच उद्या कामाची.

एक गोष्ट मनापासून सांगायचीय. राजस्थानात सरकारी विम्याच्या नोंदी तपासल्या तेव्हा संशोधकांना दिसलं की उपचार फुकट असूनही मुली आणि बायका पुरुषांपेक्षा कमी आणल्या जातात, कारण जायचा यायचा खर्च आणि घरच्यांचा वेळ तरी लागतोच, आणि तो बाईवर करायला घर मागेपुढे बघतं. आपल्याकडे वेगळं असेल असं मला वाटत नाही. आई म्हणते माले काही नही व्हयनं, कापूस वेचणी होऊ द्या, आणि गर्भाशयाची गाठ दोन हंगाम पुढं ढकलली जाते. एसटीत बायकांना 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 75 च्या वरच्या माणसाला फुकट आहे. वेचणीच्या आधी न्या.

बिल, कागद आणि तक्रार

बिल थकलं म्हणून पेशंटला किंवा मयताला अडवून ठेवता येत नाही, त्याच 2021 च्या नियमांत मृतदेह अडवू नये असं स्पष्ट आहे. बाकी पैसे वसूल करायचे त्यांचे कायदेशीर मार्ग आहेत, माणूस ओलीस ठेवणं हा त्यातला मार्ग नाही. असं झालं तर पोलिसांना 112 वर सांगा.

डिस्चार्ज कार्डाबरोबर सगळी केसशीट हवी असेल तर लेखी अर्ज द्या, डॉक्टरांच्या 2002 च्या आचारसंहितेप्रमाणे 72 तासांत ती द्यावी लागते आणि 3 वर्षं सांभाळावी लागते. बिलाचा वाद असो नसो, दुसऱ्या डॉक्टरला दाखवायला हे कागद लागतातच.

योजनेत पैसे घेतले गेले असतील तर आधी आरोग्यमित्र, मग 155388 वर नोंदणी नंबर सांगून तक्रार, मग जिल्ह्याच्या योजनेच्या समन्वयकाकडे लेखी. खासगीतल्या जादा बिलाची तक्रार ज्यांनी हॉस्पिटलला परवाना दिला त्यांच्याकडे, म्हणजे महापालिका असेल तिथं तिचा आरोग्य विभाग, बाकी ठिकाणी जिल्हा शल्यचिकित्सक. त्यानंही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग, 1995 च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून पैसे घेऊन दिलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, आणि 5 लाखापर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख, आणि ती प्रत रेशन कार्डाच्याच पिशवीत ठेवा.